परत आलेल्यांची नोंद

इंदूताईंच्या शेजारच्या हमीदाभाभींचा फोन आला तेव्हा गाड्या-माणसं नेणारी जंगलजेट्टी आगरदांड्याहून सुटून खाडीच्या मधोमध आली होती. मी परीक्षेच्या कामासाठी मुरूडला गेलो होतो, काम लवकर आटोपलं आणि दुपारची फेरी मिळाली म्हणून खुशीत होतो. "मास्तर, कुठं हाव?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता म्हणाल्या, "बाई उठत न्हाईत. डॉक्टर येऊन गेले. तुमी या." एवढंच. समोर दिघीचा धक्का दिसत होता, त्यामागची चढण दिसत होती, चढणीवरची घरंही ओळखता येत होती. आणि जेट्टी आपल्या नेहमीच्या चालीने चालली होती. घाई करायला वावच नव्हता. शेजारी एक कुटुंब गाडीतून उतरून फोटो काढत होतं. त्यातल्या बाईंनी मला विचारलं, "काका, तो जंजिरा ना?" मी हो म्हणालो. त्यांच्या मुलीचा फोटोही काढून दिला. इंदूताई गेल्या, हे कळल्यानंतर मी केलेलं पहिलं काम ते...

त्याला आता पाच आठवडे झाले. इंदूताई दिघीच्या नव्हत्या. पेणकडच्या एका मिठागरवाल्या घरातल्या. लहानपणी वडिलांबरोबर मिठाच्या वाफ्यांत उभ्या राहिलेल्या. गणितात हुशार निघाल्या म्हणून मुंबईला शिकल्या आणि कम्प्युटर कपाटाएवढे असायचे त्या काळात ते बनवणाऱ्या एका कंपनीत लागल्या. पुढची तीसेक वर्षं त्यांनी एकच काम केलं. ते काय, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो, त्यामुळे त्यांच्याच पद्धतीने सांगतो. आपण कम्प्युटरवर काहीतरी दाबतो आणि एक नवा प्रोग्रॅम उघडतो. तो हवेतून येत नाही. आधीपासून चालू असलेला एखादा प्रोग्रॅम स्वतःची नक्कल करतो, आणि ती नक्कल नवं काम अंगावर घेते. चालू असलेल्या प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात. नक्कल करणारी ती पेरेंट, झालेली नक्कल ती चाइल्ड, आणि नक्कल करण्याच्या हुकमाचं नाव फोर्क. मशीनच्या पोटातली ही व्यवस्था नीट चालावी म्हणून इंदूताईंनी उमेदीची वर्षं घालवली. निवृत्त झाल्यावर त्या दिघीत येऊन राहिल्या. का, असं मी एकदा विचारलं होतं. "इथं मला कुणी ओळखत नव्हतं," त्या म्हणाल्या. लग्न केलं नव्हतं. भावाचा मुलगा, प्रशांत, उरणला ट्रेलरच्या धंद्यात होता. तो दिवाळीला येऊन जायचा.

आमची ओळख झाली ती भंगारावरून. मी बोर्ली पंचतनला कॉलेजात कम्प्युटर शिकवतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी आम्ही जुनी मशीन्स पडवीत रचून ठेवली होती, भंगारवाल्याची वाट बघत. पांढऱ्या केसांच्या, सुती पंजाबी ड्रेस घातलेल्या एक बाई तिथे उभ्या राहून ती मशीन्स न्याहाळत होत्या. "यातलं एखादं देता का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बाई, यातलं एकही चालत नाही." "ते माझ्यावर सोडा," त्या म्हणाल्या. मी प्राचार्यांना विचारून दोन मशीन्स टेम्पोतून त्यांच्या घरी पोचवली. पंधरा दिवसांनी फोन आला. "ये बघायला. एक चालतंय. दुसऱ्याचे अवयव पहिल्याला लावले." मी गेलो आणि त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की पंधरा वर्षं मी जो विषय शिकवत होतो त्याचं फक्त दार मला माहीत होतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्याकडून चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून घेतला. त्यात एक फोर्क आणि त्याखाली 'मी आहे' असं छापणारी एक ओळ. चालवला, तर पडद्यावर 'मी आहे' दोनदा आलं. मी म्हटलं, "ताई, मी तर एकदाच लिहिलंय." त्या खूष झाल्या. "कारण आता दोघं हायत. दोघंही त्याच ओळीवर उभे. दोघांनाही वाटतंय, आपण पहिल्यापासून इथंच होतो. फरक एवढाच, की फोर्कचं उत्तर म्हणून चाइल्डला शून्य मिळालं आणि पेरेंटला चाइल्डचा नंबर. त्यावरून ओळखायचं, आपण कोण." बोलताना रंगल्या की त्यांच्या तोंडात गावाकडची भाषा यायची. मी मास्तरच, मला दाखला द्यायची खोड, मी म्हणालो, "म्हणजे आई आणि लेकरू." त्यांना ते आवडलं नाही. "नावात शिरू नको. नाव ठेवणाऱ्याने ठेवलं. इथं माया-बिया काही न्हाय, कामं हायत. आधी बघायचं, नक्कल झाली का. कधीकधी होत न्हाय, तेव्हा उणे एक उत्तर येतं. झाली असेल तर तिचं काम संपल्यावर, काय झालं ते विचारून घ्यायचं. त्याला वेट म्हणतात. पेरेंटने विचारलंच न्हाय, तर काम संपलेली प्रोसेससुद्धा यादीतून जात न्हाय. नुसतं नाव पडून राहतं. झॉम्बी म्हणतात त्याला." "आणि अशी नावं साठली तर?" "यादी भरते. मग नवीन कुणाला जागा न्हाय." पुढे काय होतं ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं...

शनिवार-रविवार मी त्यांच्याकडे जायला लागलो. बायको आणि मुलगी मुलीच्या शिक्षणासाठी पनवेलला राहतात, त्यामुळे सुट्टीचा दिवस मला तसा मोकळाच असतो आणि खायला उठतो. इंदूताई तांदळाची भाकरी आणि सुकट करायच्या, आम्ही जेवायचो आणि पुन्हा पडद्यासमोर बसायचो. आमच्या बोलण्यात घरचे विषय क्वचित यायचे. मी कधी घरची तक्रार काढलीच, तर त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बरं. आता पुढची ओळ." मला त्याचं वाईट वाटत नसे. उलट, या अख्ख्या किनाऱ्यावर माझ्याशी या विषयावर बोलणारं एक माणूस आहे, याचं फार सुख होतं. आता इथे फोर्क म्हटलं की लोकांना जेवणाचा काटा आठवतो.

जवळच्याच एका कोळीवाड्यातल्या बायका दिघीला मासळी विकायला यायच्या. हवामानाचा इशारा होड्या गेल्यावर कळतो, अशी त्यांची कुरकुर इंदूताईंनी ऐकली आणि त्या स्वतःहून मच्छीमार सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटल्या. सिमकार्डाचे दोन-तीन जुने मोडेम खिडकीत लावायचे, सरकारी इशारा आला की मशीनने तो घ्यायचा आणि सोसायटीच्या प्रत्येक सभासदाच्या फोनवर साध्या मराठीत पाठवायचा. रोज सकाळी आणि दुपारी, इशारा नसला तरी समुद्र कसा राहील ते. एकाचा फोन लागला नाही म्हणून दुसरा खोळंबू नये, यासाठी प्रत्येक नंबरामागे एक चाइल्ड प्रोसेस करायची. तिने मेसेज पाठवायचा आणि संपायचं. "प्रोग्रॅम तू लिही," त्या मला म्हणाल्या. "शिकलास कशाला?" मी महिनाभर खपून लिहिला. कुणाच्या खरोखर उपयोगी पडेल असा प्रोग्रॅम मी आयुष्यात तो एकच लिहिला.

आणि आता ते सांगतो, जे दोन वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं.

प्रोग्रॅम पुरा झाला तेव्हा इंदूताईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते. डावा डोळा आधीपासूनच कामाचा नव्हता. काळा चष्मा लावून त्या खाटेवर टेकून बसल्या होत्या. "वाचून दाखव," त्या म्हणाल्या. मी ओळीन् ओळ वाचायला लागलो. फोर्कपाशी आलो तशी त्यांनी थांबवलं. "नक्कल झालीच न्हाय, तर?" मी म्हणालो, "ते घातलंय." "आणि वेट?" "तेही घातलंय." दोन्ही घातलेलं नव्हतं. संध्याकाळी घरी जाऊन घालू, असं खरंच मनात होतं. त्यांच्यापुढे अर्धवट काम दाखवायची लाज वाटली, इतकंच. त्यांनी मान हलवली. "मग सुरू कर." संध्याकाळी कॉलेजच्या प्रवेशाची कामं निघाली, दुसऱ्या दिवशी दुसरं काही निघालं. प्रोग्रॅम तर चालत होता. कोळीवाड्यातून फोन येत होते, बाई झकास, मेसेज येतोय. चालतंय ते कशाला छेडा, असं म्हणत मी विसरलो. विसरलो म्हणणंही खोटंच. अधूनमधून आठवायचं, आणि मी दुसरीकडे बघायचो.

आमच्याकडे वीज आठवड्यातून दोन-तीनदा तरी जातेच. वीज गेली की मशीन बंद पडायचं, आली की इंदूताई ते पुन्हा सुरू करायच्या, आणि नव्याने सुरू झालेल्या मशीनची यादी कोरी असायची. माझी चूक अशी दर दोन दिवसांनी आपोआप पुसली जात होती. हे मला तेव्हा सुचलं नाही. मी मोठ्या उत्साहाने त्यांच्यासाठी इन्व्हर्टर आणून बसवला. त्यांनी कौतुकाने फोन केला, "मास्तर, आता हे बंदच पडत न्हाय बघ!" बंदच पडत नव्हतं; आणि रोज सकाळ-दुपार, काम संपलेल्या प्रोसेसची नावं यादीत साठत चालली होती.

पावसाळा संपून होड्या पाण्यात उतरल्या, त्यानंतर दीडेक महिन्याने वादळी वाऱ्याचा इशारा आला. मशीनने तो घेतला. पण त्याच्या आदल्या मेसेजनेच यादी भरली होती. एकही नक्कल झाली नाही, एकही मेसेज गेला नाही. माझ्या प्रोग्रॅमने मात्र प्रत्येक नंबरापुढे 'पाठवला' अशी नोंद केली. मी एवढंच लिहिलं होतं: उत्तर शून्य आलं तर तू चाइल्ड, मेसेज पाठव, नाहीतर तू पेरेंट, 'पाठवला' म्हणून नोंद कर आणि पुढच्या नंबराकडे जा. उणे एक त्या 'नाहीतर'मध्ये गुपचूप जाऊन बसलं. नोंदी बघून इंदूताई निर्धास्त होत्या. बहुतेक होड्या थांबल्या, कुणी रेडिओवर ऐकलं, कुणी आभाळ बघून ओळखलं. कोळीवाड्यातला हरिश्चंद्र आणि त्याचे तीन भागीदार मात्र होडी घेऊन गेले. त्यांचा हिशोब साधा होता, रोजचा मेसेज कधी रेंजमुळे चुकतो, पण वाऱ्याचा मेसेज नाही म्हणजे वारा नाही. आम्हीच त्यांना ती सवय लावली होती.

सकाळी सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन आला, बाई, मेसेज कुणालाच आला नाही, आणि एक होडी बाहेर आहे. इंदूताईंनी मला बोलावलं. मी पोचलो तेव्हा खिडकीची झडप वाऱ्याने आपटत होती आणि त्या पडद्याला नाक लावून बसल्या होत्या. पडद्यावर एकाच नावाच्या शेकडो ओळी, खालपर्यंत. मला दारातच सगळं समजलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. प्रोग्रॅमची फाइल उघडली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली, बोट पडद्यावर ठेवून, सावकाश. मी मागे उभा होतो. फोर्कपाशी बोट थांबलं. मला वाटलं, आता विचारतील. मी उत्तराची तयारीही केली होती, म्हणजे खरं बोलायची. "चहा टाक, मास्तर," त्या म्हणाल्या. मी आत गेलो. चहा उकळेपर्यंत बाहेर टाइप केल्याचा आवाज येत होता. बाहेर आलो तर मशीन नव्याने सुरू झालं होतं आणि त्या एकेक नंबर लावून घराघरांत सांगत होत्या, "मी दिघीहून इंदू बोलतेय. वारा येतोय. कुणाला पाठवू नका."

होडी दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली. चौघांनी एका खडकाच्या आडोशाला दिवस-रात्र काढली होती. नांगराचा दोर ओढताना हरिश्चंद्रचा उजवा हात दोराच्या वेढ्यात सापडला. त्याला अलिबागला नेलं, पण तीन बोटं काढावी लागली.

सोसायटीची बैठक इंदूताईंनीच मागून घेतली. पत्र्याच्या शेडमध्ये पन्नासेक माणसं होती. मी दाराजवळच्या बाकावर बसलो होतो. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मेसेज गेला नाही तो मशीनमुळे नाही. प्रोग्रॅममध्ये चूक होती. ती मी बघायला हवी होती, बघितली नाही. चूक माझी." त्या शेवटच्या दोन वाक्यांच्या मध्ये जागा होती. मी उठू शकलो असतो. गावातली नोकरी, समोर बसलेले विद्यार्थ्यांचे बाप, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. आणि मी बसून राहिलो. नंतर त्या हरिश्चंद्रच्या घरी गेल्या, तेव्हाही मी बरोबर होतो. हात बांधलेला, तो पडवीत बसला होता. त्याने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वारा काय तुमी सोडला व्हता, बाई?" त्या म्हणाल्या, "वारा न्हाय सोडला. पण सांगायचं काम माझं होतं." 

त्यानंतरही मी शनिवार-रविवार जात राहिलो. त्या शिकवत राहिल्या, भाकरी करत राहिल्या. फक्त एक बदल झाला. मी काही लिहिलं की त्या आता "घातलंस का?" असं विचारत नसत. भिंग घेऊन स्वतः वाचायच्या. दोन वर्षांत त्यांनी मला असा एकही प्रश्न विचारला नाही, ज्याचं उत्तर मी खोटं देऊ शकेन. यापेक्षा त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एकदा मी धीर करून म्हणालो, "ताई, ते त्या वेळचं..." त्या कप विसळत होत्या. कप विसळून झाला, पालथा घातला, आणि त्या म्हणाल्या, "आज भरती किती वाजता रे?" मी सांगितलं. ते शेवटचं वर्षही असंच गेलं, शेजारी बसून, दूर. मग झोपेतच त्यांचं हृदय थांबलं. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल.

बाराव्याला प्रशांत आला होता. "आत्याचं हे मशीन तुम्ही घेऊन जा मास्तर," तो म्हणाला. "घर काय आम्ही एवढ्यात रिकामं करत नाही." मी म्हटलं, इथेच राहू दे, मोडेमना इथे रेंज चांगली मिळते. किल्ली हमीदाभाभींकडे ठेवली. बाराव्याची माणसं गेल्यावर मी पहिल्यांदा ती फाइल उघडली. दोन वर्षं उघडायला धजावलो नव्हतो. उणे एकची तपासणी होती, वेट होतं, स्वच्छ, नेमकं. मग वर गेलो. प्रोग्रॅम लिहिताना फाइलच्या डोक्यावर हौसेने मी माझं नाव टाकलं होतं, 'लेखक' म्हणून. ते तिथे नव्हतं. तिथे इंदूताईंचं नाव होतं. फाइल शेवटची कधी बदलली ते मशीन सांगतं. होडी बाहेर होती, त्याच सकाळी. मी आत चहा टाकत होतो तेव्हा.

मी दुसऱ्या दिवशी हरिश्चंद्रकडे गेलो. तो आता समुद्रावर जात नाही. उरलेल्या दोन बोटांत सुई धरून जाळी दुरुस्त करतो. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्याने हातातलं काम थांबवलं नाही. "बाईंना ठाव व्हतं?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. "आनि त्यांना ठाव हाय, ह्ये तुमाला ठाव व्हतं?" "हो." "दोन वरसं?" "हो." त्याने दोरा दातांनी तोडला. "मंग ती बाई एकटीच व्हती म्हना ना," तो म्हणाला. मला वाटलं, तो आणखी काही बोलेल. शिवी दिली असती तरी चाललं असतं. त्याने सुईत नवा दोरा भरला आणि मान वर केली. "जावा आता. ऊन लागल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इंदूताईंच्या खोलीत गेलो. फाइलमध्ये त्यांच्या नावाखाली माझं नाव पुन्हा लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'मूळ चूक याची.' मशीन पुन्हा सुरू केलं. सकाळच्या मेसेजची वेळ झाली होती. त्या वादळानंतर इंदूताईंनी एक सवय लावून घेतली होती, ती मी दर शनिवार-रविवारी बघायचो आणि कधी त्यावर बोललो नव्हतो. मेसेज सुटायला लागले की त्या मांडीवर हात ठेवून पडद्यासमोर बसायच्या. एकेक चाइल्ड काम संपवून परत यायचा, त्याच्या नंबरापुढे 'पोचला' अशी नोंद उमटायची. शेवटचा परत येईपर्यंत त्या उठायच्या नाहीत. फोन आला तरी नाही, दार वाजलं तरी नाही. मी त्यांच्या खुर्चीत न बसता शेजारच्या स्टुलावर बसलो. वारा पडलेला होता, समुद्र शांत राहील, असा साधाच मेसेज होता. नोंदी उमटायला लागल्या. आठ-दहा झाल्या असतील, तेवढ्यात माझा फोन वाजला. हरिश्चंद्र होता. "मास्तर, आला," तो म्हणाला, आणि ठेवून दिला.

बरेच नंबर अजून बाकी होते. मी बसून राहिलो.